कचरा ठरतो कारखान्यात

दुधाची रिकामी पिशवी आणि वेफर्सचे रिकामे पाकीट एकाच घरातून, एकाच डब्यातून बाहेर पडतात आणि तासाभरात त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. कचरावेचक बाई पिशवी उचलून बाजूला ठेवते. ती किलोवर भंगारच्या दुकानात जाते, पुढे धुतली जाते, तिचा दाणा होतो आणि त्या दाण्यातून पाइप, ताडपत्री, नाहीतर कचऱ्याची काळी पिशवी निघते. पाकिटाला मात्र कोणी हात लावत नाही. पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची, म्हणजे पॉलिथिलीनची असते. पाकिटात वेगवेगळे पातळ थर, त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा, शाई आणि चिकटद्रव्य असे सगळे एकजीव केलेले असते. ते पुन्हा सुटे करणे कोणत्याही भंगारवाल्याला परवडत नाही.

हा फरक गिऱ्हाइकाने केला नाही, वेचक बाईने केला नाही, महापालिकेनेही नाही. तो पाकिटाचा आराखडा करणाऱ्याने केला. या पुस्तकात मला जे सांगायचे आहे, त्याचा गाभा एवढाच आहे: एखाद्या वस्तूचा पुढे माल होणार की कचरा, हे ती बनवतानाच ठरते. आपले कायदे, मोहिमा, दंड आणि प्रबोधन यांतले जवळपास सगळे काही ती वस्तू फेकली गेल्यानंतर सुरू होते.

प्लास्टिक हा एकच पदार्थ नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून शिकवावी लागते. सुका कचरा निवडणाऱ्या बायकांना ती बोटांनी कळते. पॉलिथिलीनची पिशवी चुरगाळली तर मऊ राहते, पॉलिप्रॉपिलीनची करकर वाजते. पॉलिस्टायरीनचा कप दाबला की टचकन तडकतो. शंका आलीच तर तुकडा पाण्यात टाकतात: पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगते, बाटलीचे पेट आणि पीव्हीसी बुडते. त्यानेही उलगडा झाला नाही तर काडी ओढतात. पॉलिथिलीन विझल्यावर मेणबत्तीचा वास येतो, पॉलिस्टायरीनची काजळी उडते आणि पीव्हीसीचा धूर नाकाला झोंबतो, कारण त्यात हायड्रोजन क्लोराइड असते. ही परीक्षा रोज, बंद शेडमध्ये, तोंडाला फार तर पदर लावून घेतली जाते. वस्तूवर तिची जात ठळक छापलेली असती आणि एका वस्तूत एकच जात वापरली असती, तर हा धूर कोणाच्या छातीत जायचे कारण नव्हते. त्रिकोणातले १ ते ७ हे आकडे अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने १९८८ मध्ये आणले. त्यांतला ७ म्हणजे ‘इतर’. वेफर्सचे पाकीट त्या ‘इतर’मध्ये बसते.

हे असे का झाले, हे कळायला थोडे मागे जावे लागते. १८६९ च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हयात याने सेल्युलॉइड पुढे आणले, ते बिलियर्डच्या चेंडूंना लागणाऱ्या हस्तिदंताला पर्याय म्हणून. १९०७ मध्ये लिओ बेकलंडने बेकेलाइट बनवले. त्यातून विजेची बटणे, टेलिफोन, रेडिओची खोकी आली आणि ती माणसाच्या अर्ध्या आयुष्यभर टिकली. १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत एक प्रयोग अपेक्षेप्रमाणे झाला नाही आणि भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ उरला. ते पॉलिथिलीन. महायुद्धात रडारच्या तारांवर त्याचे वेष्टन चढले. युद्ध संपले तेव्हा कारखाने उभे होते आणि त्यांना गिऱ्हाईक हवे होते. १९५६ मध्ये प्लास्टिक उद्योजकांच्या एका परिषदेत ‘मॉडर्न पॅकेजिंग’ या मासिकाचे संपादक लॉइड स्टाउफर यांनी त्यांना उघड सांगितले की, प्लास्टिकचे भवितव्य कचऱ्याच्या डब्यात आहे. त्यामागचा हिशेब सरळ होता. विकलेली बादली दहा वर्षे घरात राहते आणि तोवर दुसरी खपत नाही. विकलेले वेष्टन उद्या पुन्हा विकता येते. माणसे निष्काळजी झाली म्हणून प्लास्टिक फेकले जाऊ लागले, ही समजूत या इतिहासापुढे टिकत नाही. फेकणे ही शिकवलेली आणि विकलेली सवय आहे.

आपल्याकडे हा उद्योग मुंबईच्या आसपास रुजला. १९५७ मध्ये पॉलिस्टायरीनचे उत्पादन सुरू झाले, १९६८ मध्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिल कंपनीचा नाफ्था क्रॅकर आला, पुढे बडोदा आणि रायगड जिल्ह्यातले नागोठणे. क्रॅकर म्हणजे काय, ते इथेच सांगतो, कारण पुस्तकात तो पुन्हापुन्हा येणार आहे. तेलशुद्धीकरणातून मिळणारा नाफ्था किंवा वायू ८०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून त्याचे रेणू तोडायचे, त्यातून इथिलीन, प्रॉपिलीन वेगळे काढायचे आणि मग त्यांच्या लांबच लांब साखळ्या जोडायच्या. या साखळ्यांचा पांढरा बारीक दाणा गोण्यांत भरून वसई, भिवंडीच्या गाळ्यांपर्यंत जातो आणि तिथल्या मोल्डिंग मशीनवर त्याचे मग, झाकणे, कंगवे, खुर्च्या होतात. क्रॅकरला प्रचंड भांडवल लागते आणि तो मनात येईल तेव्हा बंद-चालू करता येत नाही. पूर्ण ताकदीने चालला तरच परवडतो. त्यामुळे मागणी वाढली म्हणून उत्पादन वाढले, हे अर्धेच खरे आहे. उत्पादन आधी उभे राहिले आणि मग त्याच्यासाठी मागणी शोधली गेली, असेही वारंवार झाले आहे.

दाण्याची वस्तू होण्याआधीच त्याचा कचरा कसा होतो, हे २०२५ च्या मे महिन्यात केरळने पाहिले. कोचीच्या समुद्रात ‘एमएससी एल्सा ३’ हे मालवाहू जहाज बुडाले आणि पुढचे काही दिवस किनाऱ्यावर वाळूत मिसळलेला प्लास्टिकचा दाणा येत राहिला. स्वयंसेवक तो चाळणीने चाळून काढत होते. त्यातला एकही दाणा अजून कोणी वापरलेला नव्हता.

असे असले तरी प्लास्टिकवर सरसकट राग धरायला मी तयार नाही. ज्या बाईने पितळी हंडा डोक्यावर घेऊन दोन-दोन मैल पाणी आणले, तिला प्लास्टिकचा हंडा मिळाल्यावर मानेवरचे जे ओझे उतरले, ते मी कोणत्याही तत्त्वासाठी पुन्हा चढवणार नाही. रक्ताची पिशवी, सलाइनची नळी, एकदाच वापरायची सिरिंज, छपरावरची पाण्याची टाकी, जळगावच्या केळीला थेंब थेंब पाणी देणारे ठिबक, या सगळ्यांत प्लास्टिकने माणसाचे भले केले आहे. यांतल्या बहुतेक वस्तू टिकतात, नाहीतर त्यांची ठरलेल्या पद्धतीने विल्हेवाट लावता येते. प्रश्न आहे तो काही मिनिटांच्या वापरासाठी शतकभर न कुजणारा पदार्थ वापरण्याचा. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या हिशेबाप्रमाणे जगातल्या प्लास्टिक कचऱ्यात सुमारे ४० टक्के वाटा एकट्या वेष्टनांचा आहे.

त्या वेष्टनांतला आपला खास प्रकार म्हणजे सॅशे. तामिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शॅम्पू छोट्या पुडीत भरून विकण्याची वाट दाखवली आणि १९८३ मध्ये त्यांच्या मुलाने ‘चिक’ शॅम्पूने ती गावोगाव नेली. ज्याच्या खिशात रुपया-दोन रुपये आहेत, त्यालाही शॅम्पू मिळावा, हा विचार चांगलाच होता आणि त्याची टिंगल करण्याचा हक्क सुखवस्तू माणसाला नाही. पण पुडी जितकी लहान, तितके मालाच्या मानाने वेष्टन जास्त. आणि पुडी जितकी हलकी, तितकी ती वेचणे तोट्याचे. किलोभर सॅशे गोळा करायला दिवस मोडतो आणि दिवसाच्या शेवटी त्याला भाव नसतो. गुटख्याच्या प्लास्टिक पुड्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मार्च २०११ पासून बंदी आली, ती या प्रश्नाच्या मुळाशी हात घालणारी थोडक्यांतली एक. ती बनवणाऱ्याला लागू होती.

आता आकडे, मोजकेच. रोलँड गायर, जेना जॅमबेक आणि कारा लव्हेंडर लॉ या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार २०१५ पर्यंत जगात ८३० कोटी टन प्लास्टिक बनले होते आणि त्यातल्या ६३० कोटी टनांचा कचरा झाला होता. त्या कचऱ्यापैकी ९ टक्के पुनर्वापरात गेला, १२ टक्के जाळला गेला, ७९ टक्के जमिनीत, कचराडेपोत आणि निसर्गात पडून राहिला. वर्षाचे उत्पादन २००० मध्ये २३ कोटी टनांच्या आसपास होते. २०१९ मध्ये ते ४६ कोटी टनांवर गेले. भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९-२० साठी नोंदवलेला प्लास्टिक कचरा सुमारे ३५ लाख टनांचा आहे. नोंद होते ती गोळा झालेल्याची आणि मोजलेल्याची. नाल्यात, बांधावर, डेपोच्या आगीत गेलेले कोणत्याही वहीत येत नाही.

पुनर्वापर हा शब्द ऐकला की वाटते, बाटलीची पुन्हा बाटली होते. क्वचितच होते. वितळवताना साखळ्या तुटतात, रंग मिसळतात, माल एक पायरी खाली उतरतो: बाटलीचा धागा, धाग्याची उशी, आणि उशीनंतर पुढे काही नाही. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी गरम खडीवर प्लास्टिकच्या चुऱ्याचा लेप देऊन डांबरी रस्ता करण्याची पद्धत काढली, त्यासाठी त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. कल्पक आणि स्वस्त काम आहे, आणि नको असलेल्या पिशव्यांना त्याने जागा दिली. पण रस्ता हाही त्या प्लास्टिकचा शेवटचा मुक्काम आहे, आणि सिमेंटच्या भट्टीत तर ते जळूनच जाते. या उपायांना मी विरोध करत नाही. ते हाताशी आहेत म्हणून वेफर्सचे पाकीट जसे आहे तसे ठेवायला हरकत नाही, या युक्तिवादाला मात्र माझा ठाम विरोध आहे.

महाराष्ट्राने प्लास्टिककडे गंभीरपणे पाहिले ते २६ जुलै २००५ नंतर. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, राज्यात हजारावर माणसे गेली आणि तुंबलेल्या गटारांचे खापर पिशव्यांवर फुटले. पिशव्यांनी तोंडे बुजवली होती हे खरेच. पण या पुराची चौकशी करणाऱ्या माधवराव चितळे समितीने मिठी नदीचा आक्रसलेला प्रवाह, भराव आणि अतिक्रमणे यांकडेही बोट दाखवले होते. शिवाय मुंबईची जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. पिशवीवर बंदी घालणे सोपे होते, नदीला जागा परत देणे अवघड. आपण सोपे ते केले. ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर राज्यात बंदी आली. देशभर हीच शिडी पुढे चढत गेली: २०११ मध्ये ४० मायक्रॉन, २०१६ मध्ये ५०, २०२१ मध्ये ७५, २०२२ च्या अखेरीस १२०. जाड पिशवी वेचायला परवडते, हा त्यामागचा विचार बरोबर आहे. पण भाजीवाल्याजवळ मायक्रॉन मोजायचे यंत्र नसते, आणि पिशवी कुठल्या गाळ्यात बनली हे त्याला ठाऊकही नसते.

मार्च २०१८ मध्ये राज्याने मोठी अधिसूचना काढली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाले: पहिल्या वेळी ५,०००, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये व तीन महिने कैद. दिवसाला पाचशे रुपये सुटणाऱ्या फेरीवाल्याला पाच हजारांचा दंड म्हणजे काय, हे सांगायला नको. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या वस्तूंच्या एका यादीवर बंदी आली. त्यात कान साफ करायच्या काड्या आहेत, आइस्क्रीमच्या काड्या आहेत, सजावटीचे थर्माकोल आहे, प्लेट, चमचे, स्ट्रॉ आहेत. वेफर्सचे पाकीट आणि शॅम्पूची पुडी त्यात नाही. ज्या वस्तूंमागे मोठे उत्पादक नव्हते त्या बंद झाल्या, ज्यांच्यामागे होते त्यांना ‘उत्पादकाची विस्तारित जबाबदारी’ या नावाची वाट मिळाली. या वाटेने कंपनीने जितके प्लास्टिक बाजारात आणले, तितक्याच्या पुनर्वापराची प्रमाणपत्रे विकत घ्यायची. २०२३ मध्ये केंद्रीय मंडळाने तपासणी केली तेव्हा मोजक्या पुनर्वापर कारखान्यांनी मिळून सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे दिल्याचे उघड झाले. कागदावर पुनर्वापर झालेले ते प्लास्टिक कुठेतरी पडलेले आहे.

ज्यांनी खरोखर पुनर्वापर केला, त्यांना प्रमाणपत्र देणारे कोणी नव्हते. १९७२ च्या दुष्काळात सोलापूर, मराठवाड्याकडून पुण्यात आलेल्या कुटुंबांतल्या कितीतरी दलित बायका कागद, काच, पत्रा वेचू लागल्या. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने आणि पौर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण यांच्या कामातून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. ओळखपत्र मिळाले, आणि तेव्हापासून कचऱ्याच्या डब्याशी उभ्या असलेल्या बाईला चोर म्हणून हटकणे थोडे अवघड झाले. २००८ पासून ‘स्वच्छ’ या त्यांच्याच सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करायला सुरुवात केली. या बायकांनी पन्नास वर्षे प्लास्टिक उद्योगाला कच्चा माल पुरवला, महापालिकेची वाहतूक वाचवली, डेपोचे आयुष्य वाढवले, आणि त्याचा मोबदला म्हणून त्यांना मिळाला तो भंगाराचा भाव, जो कच्च्या तेलाबरोबर वर-खाली होतो. तेल स्वस्त झाले की नवा दाणा स्वस्त होतो, मग जुन्या दाण्याला कोणी विचारत नाही आणि त्या आठवड्यात तिच्या घरची भाजी कमी होते. प्लास्टिकच्या अर्थशास्त्राचे इतके सरळ उदाहरण मला दुसरे माहीत नाही. म्हणून या पुस्तकातली सगळ्यात लांब प्रकरणे त्यांच्या कामावर आहेत.

शेतातल्या प्लास्टिकवर मराठीत फारसे लिहिले जात नाही, म्हणून त्याबद्दल इथेच थोडे सविस्तर. कलिंगड, मिरची, टोमॅटोच्या वाफ्यांवर अंथरलेला मल्चिंग पेपर पाणी वाचवतो, तण रोखतो, शेतकऱ्याला दोन पैसे जास्त देतो. तो बहुधा २५-३० मायक्रॉनचा असतो. हंगाम संपेपर्यंत उन्हाने तो चिरफाळतो, मुळांत आणि मातीत गुंततो. वेचायला मजूर लावावा तर मजुरी अंगावर येते, आणि मातीने माखलेला कागद भंगारवाला घेत नाही. मग तो बांधावर पेटतो किंवा नांगराखाली जातो आणि दर हंगामाला आणखी बारीक होत मातीत मिसळतो. त्याच शेतातल्या ठिबकच्या जुन्या लॅटरल नळीचे मात्र पैसे होतात, कारण ती जाड आणि एकाच जातीची असते. म्हणजे दूध-पिशवीचा आणि वेफर्सच्या पाकिटाचा जो न्याय शहरात, तोच शिवारात. चीनमध्ये मल्चिंगच्या प्लास्टिकचा थर जमिनीत इतका साठला की २०१८ मध्ये तिथल्या सरकारने कागदाची किमान जाडी ८ वरून १० मायक्रॉनवर नेली, तो निदान अखंड गोळा करता यावा म्हणून. आपल्याकडे ठिबकला अनुदान आहे, शेततळ्याच्या ५०० मायक्रॉनच्या कागदाला अनुदान आहे, मल्चिंगलाही आहे. तो कागद हंगामानंतर परत घेण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर टाकली, तर अनुदानाच्या त्याच पैशातून ती पार पडू शकेल. कृषी विभागाने हा विचार करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

किनाऱ्यावरही हेच चालू आहे. वर्सोवा, मढच्या कोळ्यांच्या डोल जाळ्यात ओहोटीबरोबर मासळीइतकेच प्लास्टिक येते, आणि आधी ते निवडून मग बोंबील, जवळा वेगळा करावा लागतो. ती निवडण्याची मजुरी कोणी देत नाही.

मार्च २०२२ मध्ये नैरोबीत जगातल्या देशांनी प्लास्टिकवर बंधनकारक करार करायचे ठरवले. वाटाघाटी २०२४ च्या अखेरीस बुसानला अडल्या, ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हालाही तोडगा निघाला नाही. मुख्य मतभेद असा आहे: करार फक्त कचऱ्याबद्दल बोलणार की उत्पादनावरही मर्यादा घालणार. तेल आणि प्लास्टिक बनवणाऱ्या देशांना पहिले हवे आहे, ज्यांच्या किनाऱ्यावर कचरा येऊन लागतो त्यांना दुसरे.

तो निर्णय होईपर्यंत थांबायची गरज नाही, हे मात्र नक्की. जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटली-कॅनवर ठेव घेतली जाते, आज ती २५ सेंट आहे आणि जवळपास सगळ्या बाटल्या परत येतात. २०१९ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी दुधाच्या पिशवीवर ५० पैसे ठेव घेण्याची घोषणा विधानसभेत केली होती. ती दारोदारच्या दुधापर्यंत पोचलीच नाही. गोव्याने २०२४ मध्ये ठेव-परतावा योजना अधिसूचित केली आहे आणि तिच्या कक्षेत बहुथरी वेष्टनेही येतात. ज्या पाकिटाला आज भाव नाही, त्याला ठेवीमुळे भाव मिळेल. तो भाव उत्पादकाच्या हिशेबात शिरला की पाकीट एकाच जातीच्या प्लास्टिकचे करणे त्याला परवडू लागेल. परताव्याची केंद्रे कोण चालवणार, वेचकांच्या संघटनांना ती मिळणार की यंत्र बसवणाऱ्या कंत्राटदाराला, यावर या योजनेचा निम्मा परिणाम अवलंबून राहील. महाराष्ट्राने दूध-पिशवीची गुंडाळून ठेवलेली योजना पुन्हा काढावी आणि या वेळी तिच्यात वेफर्सचे पाकीटही घ्यावे.